शकुनीचा सूड : एका तर्काची चिकित्सा

जयपूर शहराच्या वायव्येस मुरलीपुरा नावाची वस्ती आहे. काही महिन्यांपूर्वी तेथे एका स्नेह्यांच्या घरी मुक्काम करण्याचा योग आला होता. संध्याकाळी शेजारचे एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले आणि बोलता बोलता गोष्ट महाभारतावर आली. ते म्हणाले, "कौरवांचा नाश पांडवांनी केला असे लोक समजतात. तो केला शकुनीने, आणि जाणूनबुजून केला. त्याच्या बापाला आणि भावांना हस्तिनापुराच्या तुरुंगात उपाशी मारले होते. बापाच्या हाडांचे फासे करून त्याने त्या घराण्याचा सूड घेतला." त्यांच्या स्वरात शंकेचा लवलेशही नव्हता. तेथे बसलेली त्यांची नात महाविद्यालयात शिकणारी होती. तिने विचारले, "मग द्रौपदीची विटंबना झाली, तिचा दोष कोणाचा?" आजोबांनी क्षणभर विचार केला आणि विषय बदलला.

प्रस्तुत लेख त्या मुलीच्या प्रश्नातून सुचला आहे. शकुनी हा कौरवांचा मित्र नसून त्यांचा गुप्त वैरी होता, हा तर्क आज भारतभर रूढ झाला आहे. महाराष्ट्रात 'शकुनीमामा' ही जवळजवळ शिवी आहे. घरातल्या भांडणापासून ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपर्यंत ती कोठेही उपयोगी पडते. पण हल्ली तीच शिवी देणारा मनुष्य पुढच्याच वाक्यात 'तसे पाहिले तर त्याच्यावरही अन्याय झाला होता' अशी पुस्ती जोडतो. एका व्यक्तिरेखेविषयी संपूर्ण समाजाचे मत असे पालटते, तेव्हा समीक्षकाने त्या पालटाकडे काळजीपूर्वक पाहणे अवश्य आहे.

(१)

प्रथम कथेचे स्वरूप पाहू. तिचे पाठभेद अनेक आहेत. गांधारीच्या पत्रिकेत वैधव्ययोग होता, म्हणून तिचे लग्न आधी एका बोकडाशी, किंवा काही पाठांत एका वृक्षाशी, लावण्यात आले. ही गोष्ट पुढे कौरवांना कळली. आपल्या घरात विधवा आणून आपली फसवणूक केली, या संतापाने त्यांनी सुबल राजाला त्याच्या पुत्रांसह बंदिवासात टाकले. हे कोणी केले याविषयी पाठांत एकमत नाही. कोठे ते भीष्माने केले आहे, कोठे धृतराष्ट्राने, कोठे खुद्द दुर्योधनाने. कैद्यांना अगदी तुटपुंजे अन्न मिळे. सर्वांनी आपापला घास एकट्या शकुनीला द्यावा आणि त्याने जगून सूड घ्यावा, असे ठरले. मरताना बापाने त्याचा पाय मोडला. पावलोपावली सुडाची आठवण राहावी, हा त्यामागचा हेतू. त्याच्या अस्थींचे जे फासे घडवले गेले, ते शकुनीच्या इच्छेप्रमाणे पडत.

कथा म्हणून ही विलक्षण प्रभावी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तिला मोठी वाङ्मयीन परंपराही आहे. पंधराव्या शतकात सारळादासाने ओडिया भाषेत महाभारत रचले, त्यात शकुनीच्या पित्याच्या व भावांच्या बंदिवासाची आणि त्याच्या सुडाची कथा आहे. केरळात कोल्लम जिल्ह्यातील पवित्रेश्वरम् येथे शकुनीचे देवस्थान असून तेथे त्याची भक्तिभावाने पूजा होते. दूरदर्शनवर १९८८ ते १९९० या काळात जी महाभारत मालिका झाली, तिच्यातील लंगडत चालणारा, एक डोळा बारीक करून बोलणारा शकुनी घराघरांत पोहोचला. बहिणीचे लग्न आंधळ्याशी झाले ही त्याच्या मनातली सल त्या मालिकेने ठसठशीतपणे दाखवली. आठवड्यामागून आठवडे चालणाऱ्या मालिकेला प्रेक्षकाचे कुतूहल जागे ठेवावे लागते, आणि गुप्त हेतू असलेले पात्र हे त्याचे हुकमी साधन असते. तेव्हा या तर्काचा प्रसार का झाला हे समजण्यासारखे आहे. पण व्यासांच्या शकुनीचे आकलन म्हणून तो कितपत टिकतो, हा प्रश्न वेगळा आहे.

(२)

या प्रश्नाचे उत्तर देण्याचे साधन महाराष्ट्राच्या हाती आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य हाती घेतले. डॉ. वि. स. सुखटणकर १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाले आणि त्यांनी या कार्याला शास्त्रीय पद्धती दिली. निरनिराळ्या लिप्यांतील, निरनिराळ्या प्रांतांतील हस्तलिखिते ताडून पाहून १९६६ साली हे काम पुरे झाले. या आवृत्तीतील सभापर्वाचे संपादन अमेरिकन संस्कृतज्ञ फ्रँकलिन एजर्टन यांनी केले आहे. या चिकित्सक संहितेत सुबलाचा बंदिवास नाही, उपासमार नाही, अस्थींचे फासे नाहीत आणि शकुनीचा लंगडेपणाही नाही. सतराव्या शतकात गोदातीरावरील कोपरगावच्या नीळकंठ चतुर्धराने ज्या संहितेवर टीका लिहिली आणि जी दीर्घकाळ सर्वत्र प्रचारात होती, तिच्यातही या कथेला स्थान नाही.

'नाही' एवढे म्हणून भागत नाही. संहितेत याच्या विरुद्ध असा पुरावा आहे. आदिपर्वात भीष्माने गांधारीला मागणी घातली तेव्हा वर अंध आहे म्हणून सुबल विचारात पडला. मग कुल, कीर्ती व आचार यांचा विचार करून त्याने कन्या दिली. शकुनी बहिणीला घेऊन हस्तिनापुरास आला, त्याने ती धृतराष्ट्राला अर्पण केली, भीष्माने त्याचा सत्कार केला आणि तो आपल्या नगरास परत गेला. पुढे युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञाला जे राजे आले, त्यांत गांधारराज सुबल पुत्रासह आहे. यज्ञ संपल्यावर त्याला पोहोचवावयास नकुल गेल्याचाही उल्लेख आहे. म्हणजे द्यूताच्या अगदी आधीपर्यंत ज्याच्या हाडांचे फासे झाले असे आपण ऐकतो, तो पिता जिवंत होता, आणि पांडवांच्या घरी पाहुणा म्हणून वावरत होता. भावांचीही तीच गोष्ट. भीष्मपर्वात अर्जुनाचा पुत्र इरावान याने सुबलाच्या अनेक पुत्रांना मारले. द्रोणपर्वात वृषक आणि अचल हे शकुनीचे भाऊ अर्जुनाच्या हातून पडले. भावांच्या मृत्यूचा सूड घेणारा मनुष्य तेच भाऊ ज्यांच्यावर सूड घ्यायचा त्यांच्या बाजूने रणात उभे करतो, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

(३)

यावर कोणी म्हणेल की संहितेत जे उघड सांगितले नाही, ते सुचवलेले असू शकते. समीक्षेने ओळींमधले वाचावयाचे नाही, तर वाचावयाचे काय? हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे.

महाभारतात सुडाच्या कथांची वाण नाही. अंबेने भीष्माचा सूड घेण्यासाठी देह टाकला आणि शिखंडी होऊन ती पुन्हा आली. द्रोणाने द्रुपदाचा अपमान परत केला आणि द्रुपदाने त्यासाठी यज्ञातून धृष्टद्युम्न मिळवला. अश्वत्थाम्याने रात्रीच्या अंधारात बापाचा सूड घेतला. ज्या सर्पसत्राच्या वेळी ही सारी कथा सांगितली गेली, ते सत्र हाच जनमेजयाने पित्यासाठी घेतलेला सूड आहे. या प्रत्येक ठिकाणी व्यासांनी वैराचे मूळ, त्याची वाढ आणि त्याचे फळ तपशिलाने सांगितले आहे. पात्रे एकमेकांपासून गोष्टी लपवतात, पण कवी श्रोत्यापासून त्या लपवत नाही. कर्णाच्या जन्माचे रहस्य पांडवांना युद्धानंतर कळते. आपल्याला मात्र ते प्रारंभीच ठाऊक असते, आणि म्हणूनच कर्ण-कुंतीच्या भेटीत आपला जीव कासावीस होतो. लाक्षागृहाचा डाव आपण दुर्योधनाच्या तोंडून ऐकतो आणि विदुराने दिलेला गूढ इशाराही आपल्याला कळतो. या काव्याची रीत रहस्यकथेची नाही. ज्या कवीने अंबेचा सूड एवढ्या विस्ताराने सांगितला, त्याने शकुनीचा सूड मात्र सर्वस्वी लपवून ठेवला, असे मानण्यास त्या कवीच्या रीतीतच आधार सापडत नाही.

मग संहितेतला शकुनी कसा आहे? दोन स्थळे विशेष पाहण्यासारखी आहेत. राजसूय यज्ञाहून परतताना दुर्योधन मत्सराने जळत असतो. तेव्हा शकुनी प्रथम त्याची समजूत घालतो. पांडवांनी आपल्या भाग्याने मिळवले, त्याचा हेवा करू नकोस, तुलाही साहाय्य करणारे आहेत, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. दुर्योधन युद्धाची भाषा बोलू लागतो तेव्हाच तो द्यूताचा मार्ग सुचवतो. दुसरे स्थळ वनपर्वातले. घोषयात्रेत गंधर्वांनी दुर्योधनाला बांधून नेले आणि पांडवांनी त्याला सोडवले. त्या लाजेने तो प्रायोपवेशन करून प्राण द्यावयास बसला. त्या वेळी शकुनी त्याला सांगतो की पांडवांनी तुझ्यावर उपकार केला आहे, तो मान, त्यांचे पैतृक राज्य त्यांना परत दे आणि त्यांच्याशी भावाप्रमाणे वाग. अठरा पर्वांत शकुनीने दिलेला हा सर्वांत शहाणपणाचा सल्ला आहे, आणि आपण तो साफ विसरलो आहोत.

सुडाचा तर्क या स्थळाचे काय करतो ते पाहावे. शकुनीला कुरुकुलाचा नाश हवा असता, तर त्याने राज्य परत देण्याचा, म्हणजे युद्धच टाळण्याचा, सल्ला का द्यावा? तर्काचा पुरस्कर्ता म्हणेल, तो केवळ दुर्योधनाला डिवचण्यासाठी. आणि त्याने युद्धाचा सल्ला दिला असता तर? तोही सुडासाठीच. शकुनी अखेरपर्यंत लढला, हे नाटक. त्याचा पुत्र उलूक त्याच्या डोळ्यांदेखत सहदेवाकडून मारला गेला, ही सुडाची किंमत. अशा रीतीने अनुकूल आणि प्रतिकूल असे दोन्ही पुरावे ज्याला सारखेच पचतात, तो तर्क खोटा ठरण्याची शक्यताच उरत नाही. अशा तर्काने व्यक्तिरेखेवर प्रकाश पडत नाही. पात्राची प्रत्येक कृती आधीच ठरलेल्या उत्तरात कोंबली जाते आणि पात्र हळूहळू दिसेनासे होते.

(४)

येथे तर्क करणेच गैर आहे, असा निष्कर्ष काढावयाचा नाही. मराठीत या संदर्भात एक उत्तम उदाहरण आहे. इरावती कर्वे यांनी 'युगान्त' (१९६७) मध्ये युधिष्ठिर हा विदुराचा पुत्र असावा काय, असा प्रश्न उपस्थित केला. तोही तर्कच आहे, आणि तोही संहिता कोठे स्पष्टपणे सांगत नाही. पण त्याच्यामागे संहितेतील आधार आहेत. विदुर हा धर्माचा अवतार आणि युधिष्ठिर हा धर्माचा पुत्र. विदुराने पांडवांची जन्मभर जपणूक केली. अरण्यात देह ठेवताना तो योगबलाने युधिष्ठिराच्याच शरीरात प्रविष्ट झाला. हे सारे संहितेत होतेच. बाईंनी त्या सुट्या खुणा एकत्र ठेवल्या आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवले. तो तर्क मानला किंवा नाकारला, तरी तो वाचकाला पुन्हा संहितेकडे पाठवतो.

दुसरे उदाहरण नाट्यवाङ्मयातले घेता येईल. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त (१९०७) प्रेक्षकांनी कीचकाच्या ठिकाणी लॉर्ड कर्झन पाहिला. पुढे १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली, तेव्हा सरकारनेही तोच अर्थ वाचला होता हे उघड झाले. तेथे गर्भितार्थ नाटककाराच्या योजनेतच होता आणि काळ, प्रेक्षक व सत्ता या तिन्हींनी त्याला साक्ष दिली. शकुनीच्या सुडाला अशी साक्ष संहितेच्या आत नाही आणि बाहेरची साक्ष सारी उत्तरकालीन आहे.

इंग्रजी समीक्षेतही असा वाद होऊन गेला आहे. इयागोच्या दुष्टपणाला पुरेसे कारण सापडत नाही, म्हणून कोलरिजने त्याला हेतूच्या शोधात भटकणारी हेतुशून्य दुष्टता म्हटले. पुढे ब्रॅडलीने पात्रांच्या पूर्वायुष्याचा बारकाईने विचार केला, आणि १९३३ मध्ये एल. सी. नाइट्स यांनी लेडी मॅकबेथला किती मुले होती असा उपरोधिक प्रश्न विचारून त्या पद्धतीची थट्टा केली. त्या थट्टेत तथ्य असले तरी ती पुरती न्याय्य नाही. पात्र जिवंत वाटले की त्याचे न सांगितलेले आयुष्य वाचकाच्या मनात उभे राहते, आणि कवीच्या यशाचीच ती खूण असते. त्या मनातल्या आयुष्याला संहितेचे अंग समजणे, एवढीच चूक टाळावयाची असते.

(५)

तरीही एक प्रश्न शिल्लक उरतो. ही कथा खोटी असेल, तर ती इतक्या प्रांतांत, इतक्या भाषांत का रुजली? महाभारताचे कथन कधी थांबले नाही. ज्या जयपुरात मला ही कथा ऐकावयास मिळाली, तेथील राजसंग्रहात अकबराच्या आज्ञेने फारसीत उतरलेल्या महाभारताची, 'रझ्मनाम्या'ची, सचित्र प्रत जतन झाली आहे. प्रत्येक युग आपल्या गरजेप्रमाणे या कथेत काही पाहते. मग शकुनीच्या सुडात कोणती गरज भागली?

माझ्या मते ती गांधारीविषयीची गरज आहे. संहितेत खरोखरच एक पोकळी आहे. सुबल विचारात पडला, असे कवी सांगतो. पण गांधारीला काय वाटले हे तो सांगत नाही. तिने डोळ्यांवर पट्टी बांधली, एवढेच आपण पाहतो. त्या पट्टीला पातिव्रत्य म्हणावे की मूक निषेध, हा प्रश्न अनेकांना छळतो. बहिणीला पोहोचवून परत गेलेला भाऊ पुढे आपले राज्य सोडून वर्षानुवर्षे तिच्या सासरीच का दिसतो, याचेही उत्तर मिळत नाही. ही पोकळी लोकमानसाने भरली. आपल्याकडील जात्यावरच्या ओव्यांत भाऊ हा माहेरचा मान असतो. सासरी दुखावलेल्या स्त्रीची सगळी आशा त्याच्या वाटेकडे लागलेली असते. आंधळ्याला दिलेल्या मुलीच्या वतीने तिच्या माहेराने कधीतरी जाब विचारावा, ही इच्छा या कथेत आहे. त्या अर्थाने लोककथेतला शकुनी भाऊबिजेचा भाऊ आहे. ही नवी निर्मिती आहे आणि निर्मिती म्हणून ती आदरास पात्र आहे. सारळादासाचा शकुनी सारळादासाचा म्हणून वाचावा; तेथे तो खराच आहे.

परंतु तोच शकुनी व्यासांच्या द्यूतसभेत आणून बसवला की फार मोठी हानी होते. त्या सभेचे भयानकत्व कशात आहे? तेथे काहीही गुप्त नाही. डाव मांडण्यापूर्वीच विदुराने परिणाम सांगून टाकला आहे. शकुनी कपटाने खेळतो हे सर्वांना माहीत आहे. युधिष्ठिराला सुद्धा ते माहीत आहे आणि तरी तो खेळतो. द्रौपदीला पणाला लावण्याची सूचना शकुनीची, पण ती पणाला लावली युधिष्ठिराने. त्या क्षणी अंध धृतराष्ट्र आपला आनंद लपवू न शकता, जिंकले का, जिंकले का, असे पुन्हा पुन्हा विचारतो. द्रौपदी प्रश्न विचारते तेव्हा भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून थांबतो. एकटा विकर्ण बोलतो. हा अधर्म भर दिवसा, वडीलधाऱ्यांच्या समक्ष, राजाच्या संमतीने घडला. त्याला कोणाच्या कटाची आवश्यकता नव्हती.

सुडाचा तर्क या सगळ्यांना एका झटक्यात मुक्त करतो. धृतराष्ट्राचा लोभ, दुर्योधनाचा मत्सर, युधिष्ठिराचे व्यसन, भीष्म-द्रोणांचे मौन ही सारी एका परक्याच्या कारस्थानाची साधने ठरतात. आणि तो परका कोण? घरच्या सुनेचा भाऊ. कुळात काही बिघडले की दोष सुनेच्या माहेरावर टाकावा, ही आपल्या कुटुंबांची जुनी सवय आहे. गांधारीला न्याय देण्यासाठी जन्मलेली कथा अशा रीतीने तिच्याच माहेराच्या माथी कुरुकुलाचा नाश मारते. खुद्द गांधारीची भूमिका तर तिच्यात पुसलीच जाते. संहितेतील गांधारी अनुद्यूताच्या वेळी, या एका पुत्राचा त्याग करा आणि कुळ वाचवा, असे पतीला स्पष्ट सांगते. स्त्रीपर्वात भावाच्या शवापाशी ती म्हणते की याने माझ्या पुत्रांच्या आणि स्वतःच्या नाशासाठी हे वैर मांडले, आणि सरळ बुद्धीच्या माझ्या मुलांत हा परलोकातही कलह लावील की काय, अशी भीती तिला वाटते. लोककथेचे बीज कदाचित याच वाक्यात असेल. पण तिच्या तोंडी सुडाचा शब्दही नाही. शेवटी ती शाप देते तो कृष्णाला, कारण ज्याला हे थांबवता आले असते त्याने ते थांबवले नाही, अशी तिची तक्रार आहे. तिच्या दृष्टीने प्रश्न कोणी पेटवले एवढाच नाही. कोणी विझवले नाही, हाही आहे.

मुरलीपुऱ्यातील त्या मुलीचा प्रश्नही नेमका हाच होता. आजोबांच्या कथेत द्रौपदीच्या विटंबनेचा दोष शकुनीकडेही नीट जात नाही, कारण त्याच्याकडे सुडाचे समर्थन आहे. सभेकडेही जात नाही, कारण सभा फसवली गेली होती. व्यासांच्या संहितेत मात्र तो दोष सभेतील प्रत्येकाच्या वाट्याला त्याच्या त्याच्या प्रमाणात येतो, आणि शकुनीच्या वाट्यालाही कोणत्याही सबबीविना येतो. त्या आजोबांची पुन्हा भेट झाली, तर त्यांची कथा मी पुन्हा आवडीने ऐकेन. नंतर मात्र त्यांच्या नातीच्या हाती सभापर्व देईन.